जोजी ऐकायचाय? मग आधी फिल्थी फ्रँक बघू नका

ज्यांना जोजीचं 'ग्लिम्प्स ऑफ अस' हे गाणं पाठ आहे पण ते गाणारा माणूस आधी काय उद्योग करायचा याचा पत्ता नाही, आणि ज्यांनी फिल्थी फ्रँकचे, म्हणजे त्याच माणसानं यूट्यूबवर केलेल्या कॉमेडी पात्राचे, व्हिडिओ इतक्यांदा पाहिलेत की जोजी म्हटलं की "तोच ना तो, गुलाबी कपड्यातला" म्हणून हसायलाच लागतात, अशा दोन्ही पार्ट्यांसाठी हे लिहितोय. दोघांची अडचण वेगळी आहे. पहिल्यांना कधीतरी जुने व्हिडिओ सापडतात आणि मग हा माणूस आवडावा की नाही असा प्रश्न पडतो. दुसऱ्यांना गाणं चालू असताना सारखं वाटत राहतं की आता हा घसा फाडून काहीतरी विचित्र ओरडणार, आणि तो जोक येईल येईल म्हणून वाट बघण्यात अख्खं गाणं निघून जातं.

म्हणून सुरुवात अशी करा की जुनी भानगड आधी फक्त वाचून घ्या, बघू नका. बघायची वेळ शेवटी येईल.

तर जोजी म्हणजे जॉर्ज कुसुनोकी मिलर. जन्म जपानमधल्या ओसाकाचा, शाळा कोबेतली इंटरनॅशनल, तिथून पुढे अमेरिकेत न्यूयॉर्क. २००८ मध्ये यूट्यूबवर जे चॅनल काढलं त्याचं नाव होतं डिझास्टाम्युझिक, यातला म्युझिक हा शब्द नीट बघा, कारण पोरगं गाणी लोकांपर्यंत पोचवायला आलं होतं आणि चालली कॉमेडी. मग फिल्थी फ्रँक हे पात्र, मुद्दाम किळसवाणं, समोर येईल त्याला शिव्या घालणारं, आणि त्याच्या जोडीला पिंक गाय, म्हणजे गुलाबी माणूस, अंगाला चिकटलेला गुलाबी सूट घालून काहीही बरळणारा. २०१३ च्या सुरुवातीला याच मंडळींनी बाउर नावाच्या डीजेच्या 'हार्लेम शेक'वर अंग हलवत एक व्हिडिओ टाकला आणि त्याची साथ जगभर पसरली, आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांनीही तेव्हा हेल्मेट घालून बाकांवर उड्या मारल्याच होत्या. नेमकं त्याच सुमारास अमेरिकेतल्या बिलबोर्डनं हॉट १०० ही गाण्यांची क्रमवारी मोजताना यूट्यूब धरायला सुरुवात केली आणि ते गाणं थेट १ नंबरवर उतरलं. म्हणजे बघा, गाणी करायला आलेल्या माणसामुळे चार्टवर पहिल्यांदा १ नंबर आला तो दुसऱ्याच्या गाण्याला. मला ही गोष्ट त्याच्या सगळ्या करिअरमधली सगळ्यात चावट वाटते.

२०१७ साल तेवढं लक्षात ठेवा, बाकी तारखा विसरलात तरी चालेल. जानेवारीत पिंक गायच्या नावानं 'पिंक सीझन' हा घाणेरड्या विनोदांचा अल्बम आला आणि तो चक्क बिलबोर्ड २०० या अल्बमच्या क्रमवारीत ७६ नंबरपर्यंत गेला, नोव्हेंबरमध्ये जोजी नावानं 'इन टंग्ज' ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम, आणि डिसेंबरच्या अगदी शेवटी त्यानं जाहीर केलं की फ्रँक बंद. कारणं त्यानं स्वतः दिली होती, तब्येत, घशाला झालेली इजा, आणि त्या कामातला रस संपणं. वर्षानुवर्षं तो आवाज काढून घसा गेला म्हणजे थट्टा नाही हो, आणि हे वाचल्यावर त्याची गाणी इतक्या हळू आवाजात का आहेत याचा जरा वेगळा विचार होतो, अर्थात तेवढंच एक कारण आहे असं मी म्हणत नाही.

आता ऐकायला घ्या. पहिलं गाणं 'स्लो डान्सिंग इन द डार्क', आणि फोन पालथा ठेवून, व्हिडिओ नाही. फोनच्या स्पीकरवर तर अजिबात नाही, कारण यात खालचा बास गेला की उरतो नुसता एक रडका पोरगा, आणि मग तुम्ही म्हणाल की यात काय एवढं. साधे वायरवाले इअरफोन पण चालतील. पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका, इंग्रजी कळलं नाही तरी काही बिघडत नाही. आवाज कुठे ठेवलाय तेवढं ऐका. पॉप गाण्यात गायक तुमच्या नाकासमोर उभा असतो, इथे कडव्यात तो शेजारच्या खोलीत दार लोटून गातोय असा येतो, आणि धृपद आलं की एकदम दार उघडून ओरडतो. हे जे आत-बाहेर आहे ना, त्यावर अख्खं गाणं उभं आहे. ठेका संथ, वाद्यं मोजकी, घाई कशालाच नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना व्हिडिओ लावा. पांढरा सूट घातलेला जोजी, पाय मात्र बकऱ्याचे, म्हणजे ग्रीक गोष्टीतला तो सॅटर असतो तसा, पाठीत बाण घुसलेला, आणि रात्रीच्या रस्त्यावरून लंगडत चाललाय. कागदावर लिहिलं तर हे स्केच आहे. फ्रँकच्या काळात यावर तीन मिनिटं आरडाओरडा झाला असता. इथे तीच कल्पना कोणी डोळा न मारता, शेवटपर्यंत गंभीरपणे केलीय, आणि म्हणून ती लागते. माझं मत विचाराल तर या माणसानं कॉमेडी सोडलीच नाही, फक्त त्यातला हशा काढून घेतला. हे एकदा कानाला आणि डोळ्याला पटलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण मग तुम्ही जोकची वाट बघत नाही.

तिथून 'बॅलड्स १' अख्खा लावा, २०१८ चा, १२ गाणी, साधारण ३५ मिनिटं, म्हणजे पुण्यात संध्याकाळी डेक्कनवरून कोथरूडला जाईपर्यंत आरामात संपतो. शफल बंद ठेवा. अमेरिकेतल्या आर अँड बी, हिपहॉप अल्बमच्या चार्टवर हा १ नंबरला गेला आणि आशियात जन्मलेल्या कलाकाराचं तिथं पोचणं पहिल्यांदाच घडलं, पण ऐकताना चार्ट-बिर्ट विसरा आणि एक गोष्ट धरा, गाणी संपतात कशी ते. 'कान्ट गेट ओव्हर यू' दोन मिनिटं पण नाही. अजून एक कडवं येईल असं वाटत असताना गाणं उठून निघून जातं. हे कुठून आलं? यूट्यूबवर ज्यानं वर्षानुवर्षं स्वतःचे व्हिडिओ कापलेत त्याला कळतं की माणूस कंटाळायच्या आधी कट मारायचा. पंच पडला की पुढच्या सीनवर. इथे पंचच्या जागी एक ओळ असते, बाकी हिशोब तोच. शेवटचं 'आय विल सी यू इन ४०' मात्र शांतपणे पूर्ण ऐका, ते रेंगाळतं आणि रेंगाळायलाच हवं.

'इन टंग्ज' यानंतर. तारखेनं ती आधीची आहे, पण नव्या माणसानं तिथून सुरुवात केली तर दोन गाण्यांत झोप येईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं, सगळं फार धूसर आहे. 'बॅलड्स १' आवडल्यावर मात्र त्याच धूसरपणाची मजा येते. 'विल ही' आणि 'डीमन्स' ही दोन पुरेत. आवाज मुद्दाम मळवलेला, वरची धार घासून काढलेली, लो-फाय म्हणतात ते हेच. ज्यांना घरी लॅपटॉपवर गाणी करायची आहेत त्यांनी इथे थांबून कान लावावा, महागडा माइक नसणं लपवायच्या ऐवजी त्याचाच रंग कसा केलाय ते बघा.

'नेक्टर' २०२० चा. १८ गाणी आहेत आणि १८ नको होती. सगळा सलग ऐकायच्या भानगडीत पडू नका, मध्ये सगळं एकसारखं वाटायला लागतं. 'सँक्च्युअरी' घ्या, आधी नुसतं आणि मग व्हिडिओसकट, त्यात तो अंतराळयानाचा कॅप्टन झालाय, जुन्या टीव्ही सिरियलची पूर्ण टर उडवलीय आणि गाणं मात्र अगदी सरळ, मऊ. फ्रँकवाल्या पार्टीला तर मी हेच पहिलं गाणं म्हणून पण देईन. मग 'रन', शेवटी गिटार येते तोपर्यंत थांबा. आणि 'गिमी लव्ह', जे पळत सुरू होतं आणि अर्ध्यात अचानक ब्रेक लागून वेगळंच संथ गाणं होतं, पहिल्यांदा ऐकताना बरेच लोक फोन काढून बघतात की पुढचं गाणं लागलं की काय.

आता तुम्ही 'ग्लिम्प्स ऑफ अस'ला आलात. २०२२, पियानो आणि आवाज, एवढंच. हॉट १०० मध्ये ८ नंबरपर्यंत गेलं. ज्यांनी हे रील्सवर पंधरा सेकंदांत ऐकलंय त्यांनी एकदा पूर्ण ऐका आणि मग व्हिडिओ बघा, कारण व्हिडिओत प्रेमबिम काही नाही, पोरं हातातल्या कॅमेऱ्यानं एकमेकांचे उपद्व्याप शूट करतायत, धडपडतायत, माजलेत. वर इतकं नाजूक गाणं आणि खाली हा दंगा. दोन्ही एकमेकांना समजावून सांगत नाहीत, ते तुमच्यावर सोडलंय. ज्या 'स्मिदरीन्स' अल्बमवर हे गाणं आहे तो जेमतेम २४ मिनिटांचा, ९ गाणी. दुसऱ्या अर्ध्यातली गाणी कच्ची वाटतात, कच्च्या डेमोसारखीच सोडलेली, आणि त्यावर बऱ्याच लोकांनी कुरकुर केली. मला पहिली पाच आवडतात, 'डिझॉल्व्ह' तर खूपच. उरलेली आवडली नाहीत तर स्वतःला दोष देऊ नका.

एवढं झालं की मग जुनं बघा. पण सरळ फ्रँकवर जाऊ नका, आधी 'पिंक सीझन'मधलं 'वी फॉल अगेन' शोधा. ३५ ट्रॅकच्या त्या सगळ्या गलिच्छ गोंधळात हे एक गाणं आहे ज्यात जोक नाहीये. गुलाबी सूटच्या नावाखाली जोजी तिथं आधीच बसलेला होता. २०१५ च्या सुमाराची 'थॉम' आणि 'यू सक चार्ली' ही दोन गाणीही अशीच, ती त्यानं वेगळ्याच नावानं गुपचूप टाकली होती आणि ती त्याचीच आहेत हे बाहेर पडलं. ही तीन ऐकलीत की "विनोदी माणूस अचानक सिरियस झाला" हे जे सगळीकडे लिहितात ते किती अर्धवट आहे ते कळतं. अचानक वगैरे काही नव्हतं, लोकांना जे हवं होतं ते वर आणि त्याला जे हवं होतं ते खाली, असं बरीच वर्षं चाललं होतं.

आणि फ्रँक? बघायचाच असेल तर घरात कोणी नसताना, हेडफोन लावून, आणि लहान पोरांसमोर तर नाहीच. वंश, अपंगत्व, धर्म, काही सोडलेलं नाही, त्यातलं बरंच आज बघवत नाही आणि "तेव्हाचं इंटरनेट तसंच होतं" एवढं म्हणून ते चांगलं पण होत नाही. एक-दोन व्हिडिओ पुरे. त्यात हसू आलं नाही तरी एडिटिंग बघा, कुठे शांतता ठेवलीय, कुठे मध्येच तोडलंय.

मित्राला ऐकवायचं असेल तर आधी काही सांगू नका, नुसतं गाणं लावा आणि नाव नंतर सांगा, उलटं केलंत तर तो लगेच गुलाबी सूटचे फोटो काढून ग्रुपवर टाकेल आणि संपलं. सगळं आवडलंच तर पुढे रिच ब्रायन ऐका, 'बॅलड्स १' काढणाऱ्या ८८रायझिंग या म्युझिक कंपनीचा, इंडोनेशियाचा पोरगा, २०१६ मध्ये गुलाबी टीशर्ट आणि कमरेला पाऊच लावून गँगस्टर रॅपची टर उडवत व्हायरल झाला आणि २०१९ च्या 'द सेलर'पर्यंत घर सोडून आल्याबद्दल मनापासून गायला लागला. दोघं एकत्र ऐकायचे असतील तर 'मिडसमर मॅडनेस', २०१८ चं, हे दुपारी लावा, रात्री नको.