हिमाचलात व्हॅनमध्ये बारमाही राहायचं असेल तर

हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की काम ऑनलाईन झालंय, भाड्याचा फ्लॅट सोडून व्हॅन घ्यायची आणि डोंगरात जाऊन राहायचं चाललंय, तर गाडी कुठली घेऊ आणि आत सुतारकाम किती करू. गाडीचं पटकन सांगते. ईको स्वस्त, कुठल्याही गावात मेकॅनिक मिळतो, पण आत उभं राहता येत नाही आणि महिनाभर वाकून वावरलात की कंबरेचा काटा ढिला होतो. विंगर नाहीतर फोर्स ट्रॅव्हलर, उंच छताची मिळाली तर बघा. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्के कमी होते, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर एक तृतीयांश गेलीच, त्यात तुमचं लाकूडकाम, पाणी, सिलिंडर. टर्बो डिझेल बरं. सीएनजीचा विचारच नको, वर पंप नाहीत. बस्स. बाकी फर्निचर जितकं कमी तितकं चांगलं, कारण पहिल्या हिवाळ्यानंतर अर्धं उपटून काढणार आहातच.

खरा प्रश्न गाडीचा नाहीच, कुठल्या महिन्यात किती उंचीवर राहायचं हा आहे. लोक मनालीत एक छान जागा शोधतात, तिथेच ठाण मांडतात आणि मग डिसेंबरात थंडीशी मारामारी करत बसतात, हीटर आण, अजून फोम लाव, अजून रजया आण. अहो चाकं कशाला दिलीयेत? हजार मीटर खाली उतरलं की ढोबळमानाने ६ डिग्री फरक पडतो, तेवढं काम कुठलंही इन्सुलेशन करणार नाही. आपल्याकडे धनगर दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन कोकणात उतरतात ना, इथले गद्दी मेंढपाळ तेच करतात, उन्हाळ्यात लाहौलपर्यंत वर, हिवाळ्यात कांगड्याच्या खालच्या अंगाला. त्यांचं वेळापत्रक डोळे मिटून उचला.

आमचं साधारण असं चालतं. नोव्हेंबर ते मार्च बीड, म्हणजे आपलं मराठवाड्यातलं नव्हे, कांगड्यातलं बीड, पॅराग्लायडिंगवालं, किंवा पालमपूर. हजार ते दीड हजार मीटर, रात्री थंडी असते पण पाणी गोठत नाही. एप्रिल-मे कुल्लू, मनाली किंवा कल्पा. जूनच्या मध्यापर्यंत लाहौल-स्पितीत पोचायचं आणि पावसाळा तिथेच काढायचा, कारण धौलाधार डोंगररांगेच्या पुढ्यात धर्मशाळेकडे धो धो पाऊस पडतो आणि स्पिती पर्जन्यछायेत, तिथे कोरडं. पण एक लक्षात घ्या, वर कोरडं असलं तरी वर जायचा रस्ता पावसातूनच जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरात निगुलसरीला दरड थेट एसटीसारख्या चालत्या बसवर आली होती, जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुल्लू-मनालीचा हायवे जागोजागी कापून नेला. म्हणून एकदा वर गेलात की सप्टेंबरच्या मध्यापर्यंत किराणा आणायला म्हणून खाली यायचं नाही. औषधं, डाळ-तांदूळ, कॉफी, जे लागतं ते आधीच भरा.

आता वर जाणं. पुणं साधारण ५६० मीटरवर, आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, आणि मनालीचं बस स्टँडच २००० च्या वर आहे. स्पितीतलं मुख्य गाव काझा साडेतीन हजारांच्या पुढे. हॉटेलात राहणारा माणूस बुकिंगप्रमाणे चालतो, व्हॅनवाला जिथे संध्याकाळ होते तिथे झोपतो, आणि हाच धोका आहे, कारण विरळ हवेचा त्रास दिवसा किती उंचीला गेलात त्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात यावर जास्त ठरतो. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची रोज ५०० मीटरच्या वर वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस काही न करता बसा. मनालीहून कुंझुम खिंड पार करून एका दिवसात काझा गाठणारे बरेच दिसतात, आणि मग रात्री डोकं धरून बसलेलेही दिसतात. पहिल्यांदा जाताना शिमला, नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असं हळूहळू चढा, वेळेची काय घाई आहे, सुट्टी थोडीच संपतेय. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का ते आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर नक्कीच सांगा. आणि बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला फेसाळ व्हायला लागला, किंवा माणूस सरळ रेषेत चालेना, असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी खाली उतरवायचं आणि वाटेत जिथे दवाखाना, ऑक्सिजन मिळेल तिथे थांबायचं. गाडी तुमच्याकडे आहेच. दोघांनाही चालवता आली पाहिजे ती मात्र, एकच ड्रायव्हर असलेली जोडी वर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थंडीपेक्षा जास्त छळतो तो ओलावा, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन माणसं बंद व्हॅनमध्ये झोपली की श्वासातून, अंगातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ते जाणार कुठे? काचेवर, पत्र्यावर, स्लायडिंग दाराच्या पन्हळीत. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी दिसते, फोटोला भारी, पण तीच दहा वाजता वितळून गादीवर टपकते. आणि दाराच्या पन्हळीतलं पाणी गोठलं असेल तर दार उघडत नाही, पुढच्या सीटवरून उडी मारून बाहेर पडा. सगळ्यात वाईट गादीखाली. वरून अंगाची ऊब, खालून गार प्लाय, मध्ये दमट, आणि पंधरा दिवसांत काळी बुरशी. सुताराला सांगून प्लायचा पलंग काढा आणि लाकडी पट्ट्या बोटभर अंतर ठेवून मारून घ्या, किंवा आमच्यासारखी सरळ नवार विणून घ्या, खालून हवा खेळते, वजनही कमी. रोज सकाळी गादी उभी करायची, हा नियम, आळस आला तरी.

खिडकी कितीही थंडी असली तरी दोन बाजूंनी बोटभर उघडी पाहिजे. पटत नाही पहिल्यांदा, मला पण नव्हतं पटलं, पण कोरडी थंड हवा दमट उबेपेक्षा खूप बरी, गोधडी कोरडी राहते आणि कोरड्या गोधडीत माणूस झोपतो. काचांना एसीच्या डक्टला लावतात ती चंदेरी फोम शीट काचेच्या मापाने कापून आतून बसवायची, जाड घ्या, १० एमएमच्या आसपास. जमिनीकडे दुर्लक्ष करू नका, सगळी थंडी खालून येते, तिथे फोम, त्यावर प्लाय, त्यावर जुनी सतरंजी. ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत. कुकर लावला की मागचं दार उघडं ठेवायचं, वाफ बाहेर.

कुकरवरून आठवलं, वर पाणी लवकर उकळतं पण गार उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक डिग्री कमी, म्हणजे काझात पाणी ८८ च्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या भांड्यात तूरडाळ शिजणारच नाही, दिवस गेला तरी. भातसुद्धा बाहेरून मऊ, आत कच्चा. कुकर हवाच, त्यातही नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. आम्ही वर मूग, मसूर आणि पिठलं यावर असतो, गॅस वाचतो. मेतकूट, कुळथाचं पीठ घरून भरपूर न्या, ते तिथे मिळत नाही. वेफर्सची पाकिटं फुगतात, शॅम्पूची बाटली उघडताना तोंडावर उडते, हे सगळं नॉर्मल आहे.

गॅस. ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या, ओळखपत्र दाखवून मिळतो. उभाच ठेवायचा, पट्ट्याने घट्ट बांधायचा, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला एक भोक हवंच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. कडाक्याच्या थंडीत शेगडी मिणमिणते, कारण त्यातला ब्युटेन शून्याच्या जवळ आला की वायू व्हायलाच तयार नसतो. सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवला की चालतो, पण कोमट हं, कढत नाही, आणि खाली मेणबत्ती लावणारे महाभाग असतात त्यांच्यापासून गाडी लांब लावा.

आणि आता हे नीट वाचा: शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, कोळशाची अंगीठी आत आणायची नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेत माणूस संपतो, दर हिवाळ्यात बंद खोल्यांमध्ये माणसं जातात ती यानेच. त्याचा अलार्म (सीओ अलार्म) ऑनलाईन मिळतो, झोपतो त्या उंचीला लावा आणि त्याचे सेल तपासत राहा. डिझेल हीटर बसवणार असाल तर धूर बाहेर सोडणारा पाईप नीट बसवून घ्या, आणि उंचीसाठी सेटिंग असलेलाच घ्या, साधा हीटर विरळ हवेत काजळी धरतो आणि बंद पडतो. नाहीतर गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी, अजून तरी तिला तोड नाही.

गाडीची थंडी वेगळी. आपल्याकडे कुलंट कमी झालं की नळाचं पाणी ओततात, मैदानात चालून जातं, इथे ते गोठून इंजिन फोडू शकतं. वर जायच्या आधी सगळं काढून ग्लायकोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, ते उणे ३५ पर्यंत तग धरतं. साधं डिझेल कडाक्यात मेणासारखं घट्ट होतं, म्हणून ऑक्टोबरात वर असाल तर गाडी सकाळी उन्हाला तोंड करून उभी करा आणि नऊच्या आधी स्टार्टर मारत बसू नका. बीएस-६ डिझेल असेल तर अॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण, उणे ११ ला गोठतं हेही माहीत असू द्या. रात्री हँडब्रेक लावायचा नाही, ओला असेल तर ब्रेक शू तिथेच चिकटतो. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा, ट्रकवाले तेच करतात. वायपर उभे करून ठेवा.

लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली चार्ज करू नका, कायमची खराब होते, म्हणून ती गाडीच्या आतच ठेवायची, बॉनेटमध्ये नाही. सोलर २०० वॉटचं एक पॅनेल लॅपटॉप, दिवे, फोनला पुरतं, पण दरीत सूर्य तीनलाच डोंगराआड जातो हे हिशोबात धरा. नेटवर्कसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, त्यातलं एक बीएसएनएल. मीटिंग असेल त्या दिवशी नवीन जागी जायचं नाही.

पाणी माणशी दहा-बारा लिटरमध्ये दिवस निघतो, २० लिटरचे दोन-तीन कॅन, काठोकाठ न भरता, गोठलं की फुगतं. आंघोळ दोन-तीन दिवसांनी, ढाब्यावर किंवा होमस्टेमध्ये पैसे देऊन गरम पाण्याची बादली. गंधकाच्या गरम झऱ्यांवर, मनालीजवळ वशिष्ठला वगैरे, फुकट. संडासाचा विषय लोक टाळतात, तर सरळ सांगते, लघवीची बाटली वेगळी आणि बाकीच्यासाठी झाकणाची बादली, त्यात लाकडाचा भुसा, आरा मशीनवर पोतंभर मिळतो. दोन्ही एकत्र झालं नाही तर वास येत नाही. स्पितीतल्या जुन्या घरांमध्ये कोरडे संडासच असतात, त्याचं पुढे शेतात खत होतं, तर तिथे कोणाला यात काही विचित्र वाटत नाही, विचारलंत तर ते तुम्हाला सांगतील कुठे रिकामं करायचं. नाल्याच्या आसपास अजिबात नाही, खालच्या गावाचं पिण्याचं पाणी तेच असतं.

गाडी लावायची कुठे? अंधार व्हायच्या आत पोचायचं आणि विचारायचं. "भाईजी, रात को गाड़ी यहाँ लगा लें?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा जागा मिळते, वर चहा मिळतो. सफरचंदाच्या दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरला, बागांच्या रस्त्यात गाडी अडवून ठेवू नका, ट्रक रात्री येतात. नदीच्या पात्रात कितीही सपाट, कितीही कोरडी जागा दिसली तरी नाही म्हणजे नाही. ८ जून २०१४ ला मंडीजवळ थलौटला हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बियासमध्ये वाहून गेले, आकाश निरभ्र होतं, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. दरडीच्या ताज्या खुणा असलेल्या कड्याखाली पण नाही, रस्त्यावर बारीक खडी पडलेली दिसली की पुढे चला.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण करा. आत पलंग-ओटा ठोकला आणि आरसीवर काहीच नोंद नाही असं चालत नाही, बदलाची परवानगी आरटीओकडून आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतात. गाडी एका परराज्यात सलग १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यामुळे वर्षातून एकदा घरी चक्कर मारा, आईचा पण जीव शांत होतो.

दोघांचं म्हणाल तर भांडणं जागेवरून होतात, मोठ्या विषयांवरून नाही. एक उठला की दुसऱ्याने बसायचं, एकाने स्वयंपाक करताना दुसऱ्याने बाहेर जायचं, पाऊस असेल तर पुढच्या सीटवर. हेडफोन दोन हवेत. निघायच्या आधी जुलैत माळशेज किंवा भंडारदऱ्याला आठवडाभर व्हॅनमध्ये राहून बघा, थंडी कळणार नाही पण ओलावा आणि एकमेकांचा स्वभाव दोन्ही कळेल.

स्पितीतून खाली उतरायचं ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कधीही, बर्फाची वाट न बघता. कुंझुम एकदा बंद झाला की उन्हाळ्यापर्यंत गेला. काझाच्या पंपावर टाकी भरताना समोरच्या ट्रकवाल्याला विचारा, त्याची बातमी मोबाईलपेक्षा ताजी असते, आणि तो जरा जरी कुचमला तर किन्नौरकडून उतरा, लांब पडतो तो रस्ता, पण हिवाळ्यातही शक्यतो चालू ठेवतात.