ऑक्टोबरच्या उन्हातून जानेवारीच्या मॅरेथॉनकडे : पुण्यात सराव करणाऱ्यांसाठी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पुण्यात राहून तिची तयारी करायची म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात सुरुवात, मग दिवाळी, मग डिसेंबरचा कडाका, आणि एवढं सगळं झाल्यावर शर्यत मात्र समुद्राकाठी, दमट हवेत. इंटरनेटवर सरावाचे तक्ते ढिगाने मिळतात. त्यातले बरेचसे उन्हाळाभर घाम गाळून गार हवेत शर्यत धावणाऱ्या परदेशी लोकांसाठी असतात. आपला क्रम उलटा, त्यामुळे तक्ता जसाच्या तसा उचलू नका.

खालचं सगळं पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्या आणि त्याला साडेचार ते साडेपाच तास घेणाऱ्या हौशी मंडळींसाठी आहे. दहा किलोमीटर न थांबता जमतात, बूट पायाला सरावलेत, रक्तदाब-साखर तपासून झाली आहे, हे धरून चालते.

१. ऑक्टोबर : वेगाकडे बघू नका

पाऊस परतला की आभाळ मोकळं होतं आणि आठ वाजताच ऊन चटके देऊ लागतं. पहाटे साडेपाचला बाहेर पडा, रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, १६ किलोमीटरपासून महिनाअखेर २२ पर्यंत न्या. वेग ठरवायचा तो श्वासावरून. धावता धावता एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. ज्यांना एकोणीसचा येत नाही त्यांनी बाराचा म्हणावा. मधेच धाप लागली तर तुम्ही जास्त जोरात आहात, घड्याळ काहीही म्हणो.

२. दिवाळी

नरक चतुर्दशीच्या पहाटे धावायला जाऊ नका. चारपासून फटाके, जमिनीलगत साठलेला धूर आणि बिथरलेली कुत्री. अभ्यंगस्नान करा, चकल्या खा. चार दिवस बुडाल्याने काही बिघडत नाही. पाचव्या दिवशी ते भरून काढायला दुप्पट धावतो, त्याचं बिघडतं.

३. थंडी पडते तेव्हा

सगळी गोची इथे आहे. मीही याच टप्प्यावर सर्वांत जास्त चाचपडले, आणि दरवर्षी नवे लोक याच ठिकाणी अडकताना बघते.

नोव्हेंबरात एखाद्या पहाटे पारा पंधराच्या खाली उतरतो. पाषाणच्या रस्त्यावर ज्या श्वासात तुम्हाला किलोमीटरला ७:२० (सात मिनिटं वीस सेकंद) लागत होते, त्याच श्वासात घड्याळ ६:५० दाखवतं. जास्तीचं काहीच केलेलं नसतं. ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतात आणि कुणीतरी जाणता लिहितो, "फॉर्म आला, आता टार्गेट वाढव." अख्ख्या मोसमातला हा सर्वांत वाईट सल्ला.

ऑक्टोबरात हृदयाला दोन कामं होती. स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंग निववण्यासाठी कातडीकडेही पाठवायचं. थंडीत दुसरं काम जवळजवळ संपतं आणि तो सगळा पुरवठा पायांना मिळतो. म्हणून त्या तीस सेकंदांत काही वाटा तुमच्या सरावाचा असतो, काही हवेचा. शर्यतीच्या दिवशी हवा आपला वाटा परत मागते. डिसेंबरात पुण्यात पहाटे १० अंशांत धावणारे तुम्ही, जानेवारीत मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटेच १८ ते २० अंशांत उभे राहता, तेही दमट हवेत. त्यात पूर्ण मॅरेथॉन सुटते पाचच्या सुमारास आणि मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. पाच तास घेणाऱ्याचे आठ वाजेपर्यंत जेमतेम पंचवीस किलोमीटर झालेले असतात. राहिलेले सतरा उन्हात.

तेव्हा सराव किती आणि हवा किती, हे वेगळं काढायलाच हवं. त्यासाठी कुठलाही कोच किंवा महागडं यंत्र लागत नाही. आठ किलोमीटरचा एक सपाट फेरा ठरवा आणि दर पंधरवड्याला तो पाढ्याच्या श्वासात धावा. वहीत चार गोष्टी लिहा : लागलेला वेळ, सरासरी हार्टरेट, तापमान आणि दवबिंदू. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते. हवामानाच्या बहुतेक ॲपवर तो असतो. आर्द्रतेच्या टक्क्यांना भुलू नका. पहाटेच्या गार हवेत टक्के एरवीही चढे दिसतात आणि त्यावरून फारसं काही कळत नाही. दवबिंदू वर असला की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. तेवढंच आपल्या कामाचं.

आता डिसेंबरच्या मध्यावर तोच फेरा एकदा पहाटे धावा, आणि त्याच आठवड्यात एकदा सकाळी दहा वाजता, उन्हात. दोन्ही वेळा हार्टरेट तेवढाच ठेवायचा. दहाच्या फेरीला लाज वाटण्याइतकं हळू धावावं लागेल. लागू दे. समजा पहाटे किलोमीटरला ६:४५ आले आणि दहाला ७:०५, तर ते वीस सेकंद हवेचे. आपल्यासारख्यांचा आरामाचा वेग आणि मॅरेथॉनचा वेग यांत फार अंतर नसतं, म्हणून पुढचा हिशेब सरळ आहे. ६:४५ ने ४ तास ४५ मिनिटं होतात, ७:०५ ने पाच तासांना मिनिटभर कमी. मुंबईसाठी दुसरा आकडा धरा. पहिला धरणारे तिसाव्या किलोमीटरपर्यंत खुशीत असतात आणि मग पेडर रोडचा चढ येतो. (मार्ग अधूनमधून बदलतो, त्या वर्षीचा नकाशा बघून घ्या.) तीन-साडेतीन तासांत संपवणाऱ्यांनी हा हिशेब वापरू नये, त्यांचं गणित वेगळं.

"पुणं उंचावर आहे, मुंबईत वेग आपोआप वाढेल," असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. पुण्याची उंची ५६० मीटरच्या आसपास. तेवढ्याने काही होत नाही.

मग थंडीत आलेल्या या हुरूपाचं करायचं काय? आठवड्यातून एकदा तो वेताळ टेकडीच्या चढावर खर्च करा. मिनिटभर जोरात वर, चालत खाली, सहा ते आठ वेळा. लाँग रनला मात्र पाढाच. रविवारी गार हवेत पंचवीस किलोमीटर जोरात मारले की सोमवारी छान वाटतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पोटरी किंवा टाच बोलायला लागते.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या गावीही नसते. उन्हाची सवय शरीराला साधारण दहा ते चौदा दिवसांत होते, आणि ऊन मिळालं नाही की काही आठवड्यांत ती ओसरते. ऑक्टोबरात कमावलेलं डिसेंबरअखेर फारसं उरलेलं नसतं. म्हणून जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातल्या दोन-तीन धावा पहाटेऐवजी नऊ-दहाला करा, चाळीस-पन्नास मिनिटांच्या, अगदी सावकाश. नोकरीमुळे जमत नसेल तर शनिवार-रविवार साधा, मधल्या वारी पहाटेच एक जादा टी-शर्ट घालून जा. चक्कर, मळमळ वाटली की तिथेच थांबायचं, पुढच्या खांबापर्यंत ओढत जायचं नाही. प्लास्टिकचं जॅकेट घालून घाम काढणाऱ्यांना समजावणं मी सोडून दिलं आहे. तुम्ही तरी ते करू नका.

४. सर्वांत मोठा लाँग रन

शर्यतीच्या तीन आठवडे आधी. ३० किलोमीटर किंवा साडेतीन तास, जे आधी होईल तिथे थांबा. हुरडा पार्टीचं आमंत्रण हमखास त्याच रविवारी येतं. धावून झाल्यावर जा.

५. अंधार, कपडे, पाणी

डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे बहुतेक धाव अंधारातच. डोक्याला टॉर्च आणि चमकणारे पट्टे हवेतच. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा. शहराबाहेर गेलात तर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असतो हे लक्षात ठेवा. उसाच्या ट्रॉलीला मागे कित्येकदा दिवा नसतो आणि ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला असतो. एकटीने निघणाऱ्या बायकांनी मार्ग आणि परतायची वेळ घरी सांगून जावं. मी अजूनही सांगते.

घरातून निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. नाही वाजली तर कपडे जास्त झालेत. कानटोपी चालेल, स्वेटर नको.

थंडीत तहान कमी लागते आणि कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडतो, म्हणून पाणी टाळू नका. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. उलट वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि ते जास्त धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं.

गार, पडलेल्या हवेत शेकोट्यांचा आणि पालापाचोळ्याचा धूर खालीच राहतो. अशा दिवशी टेकडी गाठा किंवा उशिरा निघा.

६. शेवटचा आठवडा

संक्रांत शर्यतीच्या आठवड्यात येते. तिळगूळ खुशाल खा, गुळाची पोळीही. फक्त तुपात भिजलेल्या तीन पोळ्या शनिवारी रात्री नकोत. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, तो आधीच्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो. मुंबईबाहेरच्यांनी त्यासाठी शनिवार राखून ठेवावा आणि रांगेत तासभर उभं राहावं लागेल हे धरून सकाळीच पोहोचावं.

सीएसएमटीहून निघाल्यावर पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षाही किलोमीटरला दहा सेकंद हळू. अंधार असतो, सगळे पुढे जात असतात. जाऊ द्या. पाणी पहिल्या टेबलापासून घोट-घोट घ्या. चढ आला की तीस पावलं चाला, तीस धावा, आणि चढ संपेपर्यंत घड्याळ बघू नका.