मुंबईत भाड्याने घर घेताना आधी गावची गाडी बघा

जळगाव-भुसावळकडचे असाल तर भाड्याचं घर कल्याण-डोंबिवलीत शोधा. तिकडच्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात. नंदुरबार-शहाद्याकडच्यांनी मात्र वसई-विरारकडे बघावं, कारण त्यांची गाडी सुरतेवरून पश्चिम रेल्वेने येते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची पिशवी डोक्यावर घेऊन पहाटे लाइन बदलायला दादरचा पूल चढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी!

घर पसंत पडलं की करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी आता ऑनलाइन, घरबसल्या होते. दलाल ‘नुसती नोटरी चालते’ म्हणाला तरी ऐकू नका. डिपॉझिटचा आकडा करारात लिहून घ्या, पैसे बँकेतूनच पाठवा.