काळोखाच्या दिवसांत विश्वास कसा धरून राहायचा

पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या आसपास मला सगळे 'सिस्टर' म्हणूनच ओळखतात. नोकरी होती तेव्हा वॉर्डात सिस्टर, आता रिटायर झाल्यावर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतही, सिस्टर. कुणाकडे मयत झाली, कुणाची कंपनी बंद पडली, कुणाच्या रिपोर्टमध्ये नको ते आलं, की महिला मंडळातल्या आम्ही तिघीचौघी त्या घरी जातो. तिथे हमखास कुणीतरी मला स्वयंपाकघरात ओढून नेतं आणि हळूच विचारतं, "सिस्टर, प्रार्थनाच होत नाही. गुडघे टेकते आणि नुसती बसून राहते. माझा विश्वास गेला का हो?"

नाही गेला. तुम्ही थकलाय. आधी सांगा, जेवलात का?

ही टाळाटाळ नव्हे, शास्त्रातलीच, म्हणजे बायबलमधलीच, रीत आहे. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता. देवाने दूत पाठवला. दूताने उपदेश केला नाही, 'विश्वास ठेव' असंही म्हटलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं. एलीया जेवला आणि परत झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून परत खायला लावलं. देवाचा मंद स्वर त्याने ऐकला तो त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. म्हणून पहिले काही दिवस एवढंच करा: दोन वेळा वरणभात, बीपीची गोळी वेळेवर, रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत. शोकात लोक गोळ्या विसरतात आणि मग दुखणं वाढतं, हे मी वॉर्डात फार पाहिलंय.

जेवण-झोप जरा रुळावर आली की प्रार्थनेकडे वळा. पण स्वतःचे शब्द शोधत बसू नका, ते येणार नाहीत. उसने घ्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळसरळ तक्रारीची आहेत. आपल्याकडे तेविसावं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ते, सगळ्यांना पाठ. ते सुंदरच आहे, पण ज्याच्या घरात काल मयत झाली त्याला हिरवी कुरणं दिसत नाहीत. तेरावं काढा. फक्त सहा वचनं, आणि त्यात दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? आमचे हे गेले त्या वर्षी मी तेच वाचायचे. सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत ओट्याशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं. मोठ्यानेच वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोकं भलतीकडे जातं. रोज नवं स्तोत्रही नको, आठवडाभर एकच पुरे. 'वैरी' हा शब्द आला की तिथे आपलं जे असेल ते घाला: कर्ज, कॅन्सर, कोर्टाची तारीख.

आणि फारच काळोख असेल तर अठ्ठ्याऐंशीवं आहे. ते शेवटच्या ओळीतही वळत नाही, अंधारातच संपतं. कुणीतरी ते बायबलमधून गाळून टाकायला हवं होतं, असं आमच्या एका मावशींचं मत होतं. मला उलट वाटतं. देवाच्या पुस्तकात असं स्तोत्र राहू दिलंय म्हणजे देवाला असं बोलणं चालतं. खुद्द प्रभू येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ म्हटली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

वाचणंही जमत नसेल तर गाणं ऐका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला अभंग-ओव्यांच्या चालीत ख्रिस्त गायला शिकवलं, हे त्यांचं आपल्यावर फार मोठं ऋण आहे. (पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा प्यायल्यावरून ज्यांच्यावर गदारोळ झाला ते लोकमान्य. गाण्यांचे टिळक वेगळे.) पेटी, तबला आणि झांजा असल्या की शब्द आपोआप ओठांवर येतात. नाही आले तर शेजारची बाई गातेच आहे. मंडळी असते ती त्याचसाठी. तुम्हाला गाता येत नाही त्या रविवारी दुसरे तुमच्या वाटचं गातात.

म्हणून उपासना चुकवू नका. सगळ्यांनी हात धरून "कशा आहात?" विचारावं असं वाटत नसेल तर पाच मिनिटं उशिरा जा, मागच्या बाकावर बसा, आशीर्वाद झाला की निघा. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, ते समजून घेतात. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मात्र घ्या. काही वाटलं नाही तरी घ्या. सलाइन चढताना पेशंटला काही वाटावं लागत नाही.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीनच्या उपासनेला आपलं देवालय भरतं, ईस्टरच्या रविवारी पहाटे कबरस्तानात फुलं घेऊन जाणाऱ्यांची गर्दी असते. मधल्या शनिवारी कुणी काही करत नाही. दुःखातल्या माणसाने माझ्या मते त्या शनिवारचं वाचन करावं. शुभवर्तमान लिहिणारा लूक एका ओळीत उरकतो: येशूच्या देहाला लावायला बायांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला. बस्स. त्यांना पुनरुत्थान ठाऊक नव्हतं. रविवारी निघाल्या तेव्हाही वाटेत एकमेकींना विचारत होत्या, कबरेवरची धोंड कोण लोटणार? उत्तर नव्हतं, तरी निघाल्या, हातात द्रव्यं घेऊन. कोर्टाचा निकाल, बायोप्सीचा रिपोर्ट, मुलाचा फोन, ज्याची वाट बघताय ते येईपर्यंत तुमचा शनिवार चाललाय. त्या दिवशी करायचं ते एवढंच, रोजचं काम आणि विसावा.

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल. कुणी म्हणेल "देवाची इच्छा", कुणी म्हणेल "तुमच्यापेक्षा देवाला त्यांची जास्त गरज होती". वाद घालू नका, पण मनावरही घेऊ नका. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

आणि एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगून काय करायचं असे विचार येतात, तर हे फक्त प्रार्थनेवर सोडू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट, मराठीतही बोलतात. मानसोपचाराची गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हटलं, तर त्याला बायबलमधलं प्रेषित पौलाचं कलस्सैकरांस पत्र दाखवा. तिथे लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा आहे. पौल स्वतः वैद्याला सोबत घेऊन हिंडत होता.

थोडं सावरल्यावर एकदा केडगावला जाऊन या. दौंडकडे जाणारी लोकल तिथे थांबते. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. तरी १८९७च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून त्यांनी तिथे निराधार मुली-बायकांचं मुक्ती सदन वाढवलं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तेव्हा रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुलगी गेल्यावर त्या रोज टेबलाशी कशा बसत असतील याचा विचार मी अजून करते.

आपल्याला मुक्ती सदन काढायचं नाहीये. आपल्याला शेजारच्या घरी जायचंय. मयत झालेल्या घरात पहिले दोन आठवडे माणसं असतात, डबे येतात, प्रार्थना होतात. तिसऱ्या आठवड्यात सगळं थांबतं आणि खरी रात्र तिथून सुरू होते. तेव्हा जा. फोन करून विचारू नका, त्या घरच्या बाई "नको, कशाला" म्हणतात. कांदेपोहे करा, स्टीलच्या डब्यात भरा आणि थेट दार वाजवा. वचन सांगू नका, त्यांनी विचारलं तरच सांगा. डबा तिथेच ठेवून या, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो न्यायला परत जाता येतं.