सशाची खरूज अन् कानातली कीड: या चुका टाळा

अकरा वर्षांपासून घरी ससे आहेत, आधी दोन होते आता चौदा झाले, त्यामुळे आजूबाजूच्या गावात कोणाच्याही सशाला काही झालं की फोन माझ्याकडेच येतो. अन् पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, ससा कान खाजवून राहिला, कोणतं औषध टाकू?" वजन किती, किती दिवसांपासून खाजवतो, चारा खातो की नाही, यातलं काही माहीत नसतं पण औषध मात्र लगेच पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुत्र्याचं औषध सशाला लावणं. यावर मी कितीही बोललो तरी कमीच आहे, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांआधी पोळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्यानं दोन पांढरे ससे घेतले होते. त्यांच्या अंगावर पिसवा दिसल्या. घरी कुत्र्यासाठी आणलेलं मानेवर टाकायचं थेंबाचं औषध होतं, फिप्रोनिलचं, तेच त्यानं संध्याकाळी दोघांच्या मानेवर ओतलं. कुत्र्याला चालते तर सशाला काय होते, असा हिशेब. दुसऱ्या दिवशी दोघांनीही चाऱ्याला तोंड लावलं नाही. मला फोन आला तिसऱ्या दिवशी. मी पोचलो तेव्हा नर गोठ्याच्या कोपऱ्यात आडवा पडलेला, मान मागं ताणलेली, पाय सायकल मारल्यासारखे हलत होते, थोडं थांबायचे अन् पुन्हा सुरू व्हायचे. गाडीवर घेऊन निघालो, दवाखाना यायच्या आधीच माझ्या मांडीवर गेला. मादीला डॉक्टरांनी वाचवलं, पण त्यासाठी भाच्याला कितीतरी दिवस तिला सिरिंजनं भिजवलेला चारा भरवावा लागला. पोट्टं अजूनही त्या नराचं नाव काढलं की गप्प होतं.

फिप्रोनिल सशाला विष आहे, एक थेंबसुद्धा नको. पिसवा मारायच्या परमेथ्रिनवाल्या पावडरी नकोत, गोचिडासाठी पाण्यात कालवून जनावरांच्या अंगावर मारतात ते अमिट्राझ नको, गळ्यातले पट्टे नकोत. अन् कृषी केंद्रातलं कपाशीवर मारायचं औषध पातळ करून लावणारेही मला भेटलेत, त्यांना काय सांगावं बाप्पा. औषध जनावरांच्या डॉक्टरनं सशाला बघून दिलेलं असेल तरच लावा.

बरं, डॉक्टर बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध देतात, कातडीखाली इंजेक्शन. आता इथं दुसरी गडबड. गोठ्यात शेळ्यांसाठी तीच बाटली असते, मग लोक म्हणतात आपणच टोचून घेऊ. बाटलीतलं औषध 1 टक्का असतं, म्हणजे 1 मिलीमध्ये 10 मिलिग्रॅम. 50 किलोच्या जनावराला 1 मिली, याच हिशेबानं 2 किलोच्या सशाला येतं 0.04 मिली, जेमतेम एक थेंब. डॉक्टर कधी याच्या दुप्पटही देतात, ते त्यांनी ठरवावं. पण शेळीच्या सिरिंजनं अंदाजे अर्धा मिली ओढला तर दहा-बारा पट गेलं ना. मी दवाखान्यात जायच्या आधी ससा थैलीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून घेतो अन् आकडा हातावर लिहूनच नेतो.

आता ज्या चुकीनं माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते ती सांगतो. एक इंजेक्शन झालं, चार दिवसांत खाज कमी झाली, कानातली खपली सुकली, की लोक दवाखान्याचा रस्ताच विसरतात. अरे, औषधानं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. कानातल्या किडीला अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून 10 ते 14 दिवसांनी दुसरा डोस, बरेचदा तिसराही. तो चुकवला की महिन्याभरात तोच ससा पुन्हा मान तिरकी करून बसलेला असतो अन् मग "औषधच भेसळीचं होतं" म्हणतात. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या बाजूलाच डोसच्या तारखा लिहून ठेवतो.

कानातली खपली काड्यांनी, चिमट्यानं उकरू नका. टॉर्च मारून पाहा, आत भुऱ्या रंगाचे थरावर थर दिसतात, शिळ्या पोळीचे तुकडे कोंबल्यासारखे, अन् वास येतो. काढून टाकावंसं वाटतंच, मलाही वाटतं. पण त्याखालची कातडी कच्ची असते, ओढलं की रक्त येतं अन् ससा वेदनेनं खाणं सोडतो. किडे मेले की खपल्या आपोआप गळतात.

आंघोळ घालू नका. ससा घाबरून लाथा मारतो, त्यात पाठीचं हाड मोडू शकतं, अन् ओल्या अंगानं गारठतो तो वेगळाच.

करंज तेल, कडुलिंबाचा पाला, हळद, यांच्यावर माझा राग नाही, पण खरजेत नुसत्या तेलावर पंधरा दिवस काढणं म्हणजे किड्यांना पंधरा दिवस देणं. नाकावर, ओठांवर, पंजांवर चुना लावल्यासारखी पांढरी खपली दिसली की ती खरूज समजा अन् थेट दवाखाना गाठा. ती माणसालाही खाज आणते, हाताळल्यावर हात धुवा. पाठीवर कोंडा दिसत असेल तर काळ्या कापडावर केस झटका अन् नीट बघा, कोंडा हलत असेल तर तो कोंडा नाही, किडे आहेत.

एकाच सशाला औषध देऊन बाकीचे सोडणं हाही वेळेचा नास. पिंजऱ्यातल्या सगळ्यांना एकदमच. खालचं कुटार, पोतं जाळून टाका, पिंजऱ्यावर उकळतं पाणी ओता अन् उन्हात तापू द्या. ससा मात्र सावलीत ठेवा, आपल्याकडचं ऊन त्याला झेपत नाही.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी शेपटीखाली बघा. लेंडीनं, मुतानं ओलं राहिलं की माशी अंडी घालते अन् एका दिवसात अळ्या पडतात. अळी दिसली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टरला उठवा.

अन् बाजारातून नवा ससा आणला की सरळ जुन्यांत सोडू नका. मी तीन आठवडे वेगळा ठेवतो, तोही घराच्या दुसऱ्या टोकाला. घरचे म्हणतात काहून एवढं. मागच्या हिवाळ्यात आणलेली मादी एकदम चकाचक दिसत होती, कान गुलाबी, अंग मऊ. अठराव्या दिवशी रात्री कान फटफट झटकल्याचा आवाज आला, टॉर्च मारली तर आत तळाशी भुरी पापडी धरायला लागली होती.