निवडणूक वर्गात कशी आणावी? शिक्षकांच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाची आखणी

आपल्याकडे निवडणुकीचं बरंचसं काम शिक्षकांच्या हातून होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना शाळेबाहेरची कामं देता येत नाहीत, पण त्याला तीन अपवाद आहेत: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. त्यामुळे कुठल्याही तालुक्यात केंद्राध्यक्ष म्हणून साहित्य घेऊन एसटीने मतदान केंद्रावर गेलेले आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार मतदार याद्या तपासलेले शिक्षक सहज भेटतात. तरीही दहावीच्या राज्यशास्त्रातला ‘निवडणूक प्रक्रिया’ हा धडा अनेक वर्गांत वाचून दाखवला जातो, खाली रेघा मारल्या जातात आणि स्वाध्याय लिहून संपतो. केंद्रावर शिकलेलं वर्गापर्यंत पोचतच नाही. ते पोचवणं हाच या प्रशिक्षणाचा हेतू आहे. शिक्षकांना निवडणुकीची माहिती नव्याने देत बसू नका, ती त्यांच्याजवळ आहे.

केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती, मुख्याध्यापक किंवा शिक्षणात काम करणारी एखादी स्वयंसेवी संस्था, कुणालाही हे प्रशिक्षण आयोजित करता येईल.

१. कोणाला बोलवावं आणि कधी

शाळांच्या एका केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) पंचवीस-तीस शिक्षकांचा गट पुरेसा आहे. फक्त इतिहासाच्या शिक्षकांना बोलवू नका. मतमोजणी हा गणिताचा विषय आहे, उमेदवाराचं भाषण भाषेचा, आणि पाचवीच्या वर्गशिक्षिकेला शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यावी लागतेच. प्रत्येक शाळेतून दोघं यावीत. एकटा शिक्षक उत्साहाने परत जातो आणि आठवड्याभरात कामाच्या रगाड्यात हरवतो.

शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी मंत्रिमंडळाची निवड जुलैपर्यंत होते. त्याआधी प्रशिक्षण झालं तर शिकलेलं लगेच वापरता येतं. आचारसंहितेच्या काळात घेऊ नका. तेव्हा शिक्षक निवडणुकीच्या कामात असतात आणि साध्या उदाहरणालाही पक्षाचा रंग चढतो.

२. सकाळचं सत्र: केंद्रावरचे अनुभव

पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटात मतदान केंद्रावर काम केलेला एक तरी शिक्षक हवा, बीएलओ असेल तर फारच उत्तम. गटाला एकच प्रश्न द्या: ‘केंद्रावरचा कोणता नियम तुम्हाला आधी कटकटीचा वाटला, आणि तो नसता तर काय बिघडलं असतं?’

बोलणं लगेच सुरू होतं. अभिरूप मतदानाचा विषय हमखास निघतो. प्रत्यक्ष मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, यंत्रातला निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं हे दाखवणारी कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवायच्या, मग यंत्रातली मतं पुसायची, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून मोहोरबंद करायच्या. पहाटेच्या घाईत जीव मेटाकुटीला येतो. आता गटाला विचारा की हे सातवीच्या मुलांना कसं सांगाल. ‘यंत्रावर विश्वास ठेवा’ असं नुसतं सांगून मोकळं होता आलं असतं, मग एवढा खटाटोप कशासाठी? तपासता येतं म्हणून विश्वास ठेवायचा, हे उत्तर मुलांना स्वतःच सापडतं, शिक्षकाने फक्त प्रश्न नीट विचारायला हवा.

नमुना १७ सी हेही असंच उदाहरण. मतदान संपल्यावर किती मतं नोंदली गेली याचा हिशेब लिहून त्याची प्रत प्रतिनिधींना द्यावी लागते, म्हणजे मोजणीच्या दिवशी आकडा ताडून पाहता येतो. शाईचं बोट, मतदानाच्या जागेभोवतीचा पुठ्ठ्याचा आडोसा, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी, यांतल्या प्रत्येकाला ‘कशासाठी?’ हा प्रश्न लावा. सत्र संपताना प्रत्येक गटाने एक नियम, त्यामागचं कारण आणि वर्गात विचारायचा एक प्रश्न कागदावर उतरवावा. असे पाच-सहा कागद जमले की वर्गात वापरण्याजोगं साहित्य तयार होतं, आणि ते शिक्षकांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेलं असतं.

३. शिक्षकांनाच मत द्यायला लावा

प्रश्न खरा हवा. उदाहरणार्थ, पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, कोणता विषय घ्यायचा? तीन पर्याय ठेवा आणि निकाल खरोखर पाळा. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायला सांगा: १, २, ३. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. तिथे याच पद्धतीने मत दिलं जातं, त्यामुळे माध्यमिकच्या शिक्षकांना ही पद्धत ओळखीची असते.

समजा तीस जणांत वाचनाला १२, गणिताला १० आणि खेळाला ८ जणांची पहिली पसंती मिळाली. नेहमीच्या पद्धतीने वाचन जिंकलं, पण १८ जणांची पहिली पसंती वेगळी होती. आता खेळाच्या आठ पत्रिकांवरची दुसरी पसंती मोजा. त्यांतल्या सहा गणिताकडे आणि दोन वाचनाकडे गेल्या तर गणित १६ आणि वाचन १४. मतदार तेच, मतंही तीच, निकाल मात्र बदलला. यावर चांगली अर्धा तास चर्चा होऊ द्या. कोणती पद्धत लागू असेल हे मतदानाआधी ठरवून जाहीर करायला विसरू नका. ते नंतर ठरवलं तर खोलीत काय होतं, याचा अंदाज शिक्षकांना लगेच येतो.

४. शालेय निवडणुकीची आखणी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या, आणि या सत्राला मुख्याध्यापकांना आवर्जून बसवा.

सुरुवात अधिकारांपासून करायची, उमेदवार नंतर. निवडून आलेली मुलं नेमकं काय ठरवणार? बऱ्याच शाळांत मंत्रिमंडळाची शपथ होते, बिल्ले लावले जातात, फोटो निघतात आणि पुढे वर्षभर आरोग्यमंत्री नखं तपासतो, शिस्तमंत्री बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. यातून मुलं एवढंच शिकतात की निवडून येणं म्हणजे इतरांवर पाळत ठेवणं. हे थांबवायला हवं. प्रत्येक शाळेच्या जोडीने मुख्याध्यापकांबरोबर बसून एका कागदावर तीन-चार अधिकार लिहावेत आणि मुख्याध्यापकांनी त्यावर सही करावी. खेळाचं साहित्य कोणत्या वर्गाला कधी, वाचनालयासाठी घ्यायच्या पुस्तकांची यादी, पोषण आहाराच्या रांगेची व्यवस्था, तीन ठिकाणांतून सहलीचं ठिकाण निवडणं, असे अधिकार लहान असले तरी चालतील, पण ते पूर्ण हवेत. जे देता येणार नाहीत ते आधीच सांगावेत. निवडून आल्यावर मुलांचा निर्णय फिरवणं हे निवडणूक न घेण्यापेक्षा वाईट.

मग मतदार यादी. प्रारूप यादी फळ्याशेजारी लावायची, दोन दिवस हरकती घ्यायच्या आणि मग अंतिम करायची. मध्येच दाखल झालेल्या मुलाचं नाव राहिलेलं असतं, कुणाचं आडनाव चुकलेलं असतं. ते दुरुस्त करून घेण्याचा अर्ज मुलांनी स्वतः लिहावा. इथे शिक्षकांना १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची गोष्ट सांगा. अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको अशी नोंद केली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख महिलांची नावं यादीतून गेली. त्यांचं बरोबर होतं का? नववीच्या वर्गात या एका प्रश्नावर तास कमी पडतो.

जागांचं आरक्षणही ठेवा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. कोणतं पद मुलींसाठी राखीव हे सोडतीने ठरवा. गावातल्या सोडतीतही चिठ्ठी बहुतेक वेळा शाळकरी मुलाच्या हातूनच काढतात, त्यामुळे मुलांना ते अनोळखी नसतं. मुलीला प्रत्येक वेळी ‘उप’ पद आणि स्वागताची जबाबदारी मिळते की काय, यावर शिक्षकांचं लक्ष हवं.

मतदानासाठी मोबाइलवरचं मतदान यंत्राचं ॲप हल्ली अनेक शाळा वापरतात. मुलांना बटण दाबायला मजा येते आणि निकाल क्षणात मिळतो. तरी माझं मत कागदाच्या बाजूने आहे. ॲपमध्ये मोजणी दिसत नाही, आणि मोजणीतच शिकण्यासारखं सर्वांत जास्त असतं.

ही मोजणी प्रशिक्षणात करून पाहावी. दहा मतपत्रिका आधीच तयार ठेवा. एकीवर शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर, दुसरीवर दोन उमेदवारांपुढे, तिसरी कोरी, चौथीवर मतदाराने स्वतःचं नाव लिहिलेलं. पाचवीवर एका चिन्हासमोर ठळक शिक्का आणि घडीच्या पलीकडे त्याचीच पुसट छाप. शिक्षकांचे दोन गट करून वाद घालू द्या. मतपत्रिकेच्या काळात काम केलेले ज्येष्ठ शिक्षक इथे खुलतात: घडी आधी उभी घालायची, मग आडवी, म्हणजे ओली शाई दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटत नाही. आणि उमटलीच, तरी मूळ शिक्का कोणापुढे आहे हे स्पष्ट असेल तर मत वैध. रेघेवरचा शिक्का कोणासाठी हे कळत नसेल तर मत बाद. स्वतःची ओळख लिहिलेली पत्रिकाही बाद, कारण ओळख पटली की मत विकता येतं आणि धमकावून घेताही येतं. गुप्त मतदानाचं कारण इथे जसं समजतं तसं धड्यातल्या व्याख्येतून समजत नाही.

न दिसणाऱ्या किंवा लिहू न शकणाऱ्या मुलाने मत कसं द्यावं, तेही याच वेळी ठरवा. प्रत्यक्ष निवडणुकीत सोबत्याची सोय असते आणि त्याला गुप्तता पाळण्याचं प्रतिज्ञापन द्यावं लागतं. शाळेतही तसंच करा.

५. अवघड प्रश्नांची तालीम

शिक्षक या विषयापासून लांब राहतात त्याचं खरं कारण भीती आहे. कुणी तक्रार करेल, गावातला पुढारी बोलेल, सेवाशर्तींत अडकू. ही भीती खरी आहे, ती झटकून टाकू नका. वर्गात उठणारे प्रश्न इथेच आळीपाळीने खेळून पाहा. एकाने विद्यार्थी व्हावं, एकाने शिक्षक.

‘सर, तुम्ही कोणाला मत देता?’ याला साधं उत्तर आहे: माझं मत गुप्त आहे, तुझंही असेल.

‘बाई, आमच्या घरी पैसे वाटून गेले.’ हा प्रश्न हमखास येतो आणि इथे शिक्षक गडबडतात. नाव, पक्ष, रक्कम काहीही विचारू नये. मतासाठी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत, त्यामुळे वर्गासमोर ते मूल नकळत आईबापांविरुद्ध साक्ष देत असतं. त्याला तिथेच सांभाळून घ्यावं आणि प्रश्न सगळ्यांचा करावा: पैसे देणारा ते परत कुठून काढेल? ज्याच्याकडे वाटायला पैसे नाहीत त्याने उभंच राहू नये का? घरातल्या तंगीत हजार रुपयांचं मोल काय असतं, हेही मुलांना बोलू द्या.

‘मशीनमध्ये गडबड करतात ना?’ हे उडवून लावू नये आणि त्यावर मान डोलवूही नये. आक्षेप काय आहेत आणि तपासणीच्या कोणत्या सोयी आहेत, दोन्ही फळ्यावर लिहावं. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून जुळवतात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केली नाही, पण निकालानंतर यंत्रांची तपासणी मागण्याची सोय पराभूत उमेदवारांना दिली. एवढं मांडलं की पुढचा विचार मुलांचा.

मुलांना घोषणा देत फेरीत फिरवण्याआधीही नीट विचार करा. प्रचारात मुलांना कोणत्याही प्रकारे वापरू नका, असं निवडणूक आयोगाने २०२४ मध्ये पक्षांना बजावलं आहे. मतदार जागृतीची फेरी वेगळी असली, तरी आदल्या रात्री लिहून दिलेली घोषणा म्हणून मूल फार काही शिकत नाही. त्यापेक्षा ‘मागच्या वेळी मतदानाला का गेला नाहीत?’ हा प्रश्न गल्लीतल्या दहा घरांत विचारून आलं, तर बरंच शिकतं.

६. मतदानानंतरची लोकशाही

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा आहे. तिची सभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते. पण प्रशिक्षणाला आलेल्यांपैकी किती जण ग्रामसभेला बसले आहेत, हे हात वर करायला सांगून पाहा. प्रत्येक जोडीला काम द्या: पुढच्या ग्रामसभेला स्वतः जायचं, विषयपत्रिका मिळवायची आणि शक्य असेल तर मुलांना ती बघायला न्यायचं. शहरातल्या शाळांनी प्रभागातल्या एखाद्या प्रश्नावर मुलांकडून महापालिकेला अर्ज लिहून घ्यावा आणि आलेलं उत्तर वर्गात वाचावं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ओळखही करून द्या. तिथे ग्रामसभेत बहुमतावर न जाता सर्वांचं एकमत होईपर्यंत चर्चा होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. वर्गातला एखादा निर्णय मतदानाने आणि दुसरा एकमताने घेऊन पाहिला, की दोन्ही पद्धतींत काय मिळतं आणि काय गमावतं हे मुलं स्वतः सांगतात.

अकरावी-बारावीच्या शिक्षकांसाठी एक वेगळी सूचना. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारांपैकी ज्या तारखेला १८ वर्षं पूर्ण झालेली असतील, त्यानुसार नाव यादीत येतं. शाळेत बीएलओ असतील तर त्यांनाच एक तास द्या. महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळं आहेत, त्यांच्याकडे हे काम सोपवता येतं.

७. पाठपुरावा

समूहावर फोटो टाकले की उपक्रम झाला, असं धरायची सवय सगळीकडे आहे. पाठपुराव्यासाठी फोटो मागूच नका. दोन महिन्यांनी शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने मंत्रिमंडळाच्या सभेचं मुलांनी लिहिलेलं इतिवृत्त आणावं. ते वाचताना तीन गोष्टी बघा: सभा ठरलेल्या दिवशी झाली का, कोणत्या निर्णयावर मतभेद झाले, आणि मागच्या सभेत ठरलेल्या कामाचं काय झालं. मतभेद एकदाही नोंदले नसतील तर त्या शाळेच्या शिक्षकांशी बोला. बहुधा शिक्षकच सभेत बसून सुचवत असतात. त्यांना पुढच्या सभेला खोलीबाहेर थांबायला सांगा आणि महिन्यातून एकदा प्रश्नोत्तराचा तास ठेवायला लावा. त्यात कोणत्याही वर्गातलं कोणतंही मूल मंत्र्याला प्रश्न विचारू शकेल, आणि उत्तर पुढच्या सोमवारी फलकावर लागेल.