येऊरच्या कॅम्पला राहायला येताय? मग आधी हे वाचा

बुद्धपौर्णिमेला ठाण्याच्या येऊरच्या जंगलात पाणवठ्यांवर प्राणीगणना असते. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस आम्ही व्हॉलंटियर मंडळी वनखात्याची परवानगी काढून एकत्रच राहतो, शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधतो, पाणवठे साफ करतो, पडेल ते काम. दरवर्षी नवीन पोरं विचारतात बूट कुठले घेऊ, दुर्बीण कुठली घेऊ. अरे बूट कुठलेही घे, पण चौदा माणसं, दोन संडास आणि पाण्याचं एक पिंप यात तुला राहता येईल का ते आधी बघ. बिबट्यामुळे कॅम्प फिसकटलेला मी तरी बघितला नाही, खरकट्या भांड्यांवरून मात्र दोनदा.

म्हणून सुरुवात मोरीपासून. ताटात घेतलेलं संपवायचं, उरलंच तर झाकणाच्या डब्यात आणि डबा रात्री घरात. झाडाखाली "कावळे खातील" म्हणून टाकायचं नाही, कारण उष्टं पडलं की उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि त्याच उष्ट्याला पाड्यावरची कुत्रीपण येतात आणि कुत्रं म्हटलं की बिबट्या आलाच. मागे एकाने घरून सुके बोंबील आणले होते, आजीने बांधून दिलेले, रात्री दहाला चुलीवर भाजले, मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू, वरणभाताबरोबर झकास लागले. डोकी-शेपट्या कोणीतरी मोरीच्या बाहेर फेकल्या. अकराच्या सुमारास तीन-चार कुत्री दाराशी भांडायला लागली आणि मधेच एकदम गप्प. भुंकत होती तेव्हा शिव्या घालत होतो, गप्प झाली तेव्हा कोणी कूस पण बदलेना. सकाळी धुण्याच्या दगडापाशी ओल्या मातीत ठसा, माझ्या तळहातापेक्षा जरासा लहान, नखं उमटलेली नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात, बिबट्या ती आत ओढून चालतो. तेव्हापासून सुकट-बोंबील बंद, आजीला माझा नमस्कार सांगा.

झोपताना मच्छरदाणी लावायची आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचायची, डास चावत नसले तरी. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, वर चावलेलं नीट कळतही नाही, फार दुखत नाही, सूज नाही, नंतर पोट दुखतं, पापण्या जड होतात. कोणी असं काही म्हटलं तर "उन्हाने झालं असेल" करत बसू नका, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, साप मारून बरोबर न्यायचा नाही, 108 ला फोन आणि सरळ हॉस्पिटल. बूट सकाळी झटकून घाला. रात्री संडासला जायचं तर दोघं, टॉर्च घेऊन, जरा खाकरत. लाज वाटते म्हणून एकटं जाऊ नका, इथे सगळ्यांनी सगळ्यांना टॉर्च धरून झालेलं आहे.

पाणी. आंघोळीला एक बालदी, संपली की संपली. टँकर आपल्या सोयीने येत नाही. शॅम्पू घरी जाऊन करा.

कामाच्या पाळ्या भिंतीवर लावतो, स्वयंपाक, भांडी, झाडू, आणि ज्याला "मला भांड्यांची सवय नाही" त्याला पहिल्या दिवशी भांडीच. कॉन्ट्री पहिल्याच दिवशी काढायची, शेवटी हिशोब करायला बसलो की चहाच्या पाच रुपयांवरून लोक तोंड फिरवतात. दारू-सिगरेट नाही, स्पीकर नाही, वीकेंडला येऊरला येऊन डीजे लावणारे आधीच काय कमी आहेत का. पाड्यावरच्या लोकांशी बोलताना मावशी, दादा म्हणा, न विचारता त्यांच्या घराचे, पोरांचे फोटो काढू नका. आपण चार दिवसांचे पाहुणे, ते कायमचे.

जंगलात फिरताना वनखात्याच्या गार्डच्या पुढे जायचं नाही. फासा बहुतेक गाडीच्या क्लचवायरचा असतो, रानडुकराच्या वाटेवर, जमिनीपासून वीत-दीड वीत वर, आणि वायर गंजली की वाळक्या गवतात अजिबात दिसत नाही, त्यामुळे डोळे वाटेवर ठेवा, पक्षी नंतर बघा. सापडला तर उपटायचा नाही! आम्ही पण सुरुवातीला जोशात काढून आणायचो आणि शाबासकीची वाट बघायचो, वर ओरडा खाल्ला. शिकार हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि फासा हा पुरावा, गार्ड जागेची नोंद करतो, पंचनामा होतो, मगच तो निघतो.

पुढे गणनेलाही थांबणार असाल तर, मचाणाची रात्र सोपी वाटते, नसते. पौर्णिमेचं चांदणं आणि पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं, म्हणून ही रात्र निवडतात, पण सेंट-डिओ मारून आलात, वेफर्सची पुडी कुरकुर वाजवली, तर सांबर सोडा भेकरही फिरकणार नाही. चढायच्या आधी लघवीला जाऊन या. मोबाईल बंद. दिसलं तेवढंच लिहा, शेजारच्या मचाणावर बिबट्या दिसला म्हणून आपल्याकडे पण "बहुतेक बिबट्या" असलं नको.

आणि फोटो. बिबट्याचा, घुबडाच्या ढोलीचा फोटो लोकेशनसकट टाकलात की शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते. घरी पोचल्यावर टाका, जागा न सांगता टाका. कुठे जखमी प्राणी दिसला तर स्टेटस ठेवण्याआधी 1926 लावा, वनखात्याची हेल्पलाईन आहे.

निघायच्या दिवशी कचऱ्याच्या पिशव्या आपल्याबरोबर खाली ठाण्यात आणायच्या, बसमध्ये लोक नाक मुरडतात, मुरडू दे. चमचे मोजा, दरवर्षी दोन कमी भरतात. पिंपात पाणी असेल तेवढं झाकून ठेवा, मागून गणनेवाले येतात, घामाघूम होऊन, आणि पहिलं झाकण उघडून तेच बघतात.